भाचीला प्रोत्साहन, अर्थात एका वेताच्या खुर्चीची हकीकत

माझ्या भाचीने कलेत नाव काढलं असतं, तर त्यातून मला मिळणार होती एक बाल्कनी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक तरुणांना प्रोत्साहन देतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर म्हणे समाजाचं हित असतं, पुढच्या पिढीचं भवितव्य असतं. माझ्या डोळ्यांसमोर बाल्कनी होती, तीही माझ्याच घरातली, आणि तिच्यात मला पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या बाल्कनीत पूर्वी माझी वेताची खुर्ची असायची. पंपांच्या कारखान्यात दिवसभर इतरांच्या बिलांतल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी त्या खुर्चीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चुका काढायच्या, एवढाच माझा विरंगुळा. मग थोरल्या बहिणीची मुलगी शिकायला म्हणून आमच्याकडे आली, शिक्षण आटोपलं, आणि एके दिवशी कुणाच्या तरी दाराबाहेर टाकलेला मोडका पंखा काखोटीला मारून ती घरी आली. दुसऱ्या दिवशी त्या पंख्याचा दिवा झाला होता. दिवा चांगला दिसत होता, पण मी तसं बोललो नाही. एकदा चांगला म्हटलं की दुसरा पंखा येतो. न म्हणताही तो आलाच. मागोमाग खिडक्यांच्या चौकटी आल्या, शिवणयंत्राचे पाय आले, एका कपाटाचं दार आलं. कपाट मात्र आलं नाही, एवढी देवाची कृपा. माझी खुर्ची आधी बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकली, तिथून बैठकीच्या खोलीत आली, आणि मी तिला अडखळून पडलो तेव्हा तिचा एक हात निखळला. माझा शाबूत राहिला, पण त्याची चौकशी कुणी केली नाही.

दुपारभर घरात हातोडी चालायची. शेजाऱ्यांनी भाचीचं नाव 'खुटखुट' ठेवलं. दुसरी एखादी रुसली असती. हिने ते नाव आपल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाशी कोरायला सुरुवात केली.

खुटखुटच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, तिला वर्षाची मुदत घालून दिली होती. नात्यागोत्यात नसलेल्या एका तरी शहाण्या माणसाने वर्षाच्या आत तिची वस्तू मागवून, पैसे मोजून घेतली पाहिजे. नाही घेतली, तर गुमान परत यायचं आणि दाजींच्या मित्राच्या विमा कचेरीत चिकटायचं. तिथे तिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलेलं होतं. दाजी दर आठवड्याला फोनवरून त्या खिडकीचं वर्णन करायचे. "हवा काय सुरेख येते तिथे," म्हणायचे.

"हवा येईल रे मामा," फोन ठेवून भाची म्हणायची, "पण मी तिथे बसले तर माझा श्वास जाईल."

दहा महिने तसेच गेले. शहाणा माणूस सापडेना. बाल्कनी भरत चालली.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक अडगळीची खोली होती. घरात ठेववत नाहीत आणि टाकवतही नाहीत अशा वस्तू लोक तिथे आणून ठेवायचे आणि त्यांना विसरून सुखाने राहायचे. ज्यांतली बाळं आता नोकऱ्या शोधत फिरत होती असे पाळणे तिथे होते. व्यायामाची एक सायकल होती, ती जागची न हलता तीन घरं फिरून आली होती. भाचीने एकदा दाराच्या फटीतून आत पाहिलं, आणि दागिन्यांच्या दुकानासमोर माणसं उभी राहतात तशी ती तिथे उभी राहिली.

"मामा, मला या खोलीची किल्ली मिळवून दे. बाकी काही नको."

"एवढंच?"

"एवढंच."

मी मोठ्या उत्साहाने उठलो. बायको म्हणाली, "भाचीसाठी एवढी धावपळ? की बाल्कनीसाठी?" चांगल्या कामात हेतू विचारायचे नसतात.

किल्ली होती सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी सज्जन माणूस. कुठलीही गोष्ट एकट्याने केल्याचा आरोप त्यांच्यावर आजवर कुणी करू शकलेलं नाही. "किल्ली द्यायला माझी काहीच हरकत नाही," ते म्हणाले, "पण मी एकट्याने दिली, तर उद्या लोक म्हणतील, एकट्याने दिली." म्हणून सभा बोलावली. सभेत दोन माणसं बोलली आणि बाकीच्यांनी चहा घेतला.

पहिल्या बोलल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर आमचे सेक्रेटरीसुद्धा बोलण्याआधी हात वर करतात. "मुलीच्या हाताला वळण आहे," बाई म्हणाल्या, "पण मनाला ध्येय आहे का? नुसती किल्ली देऊन पिढी घडत नसते."

दुसरे बोलले ते दुसऱ्या मजल्यावरचे मार्गदर्शक. त्यांचा व्यवसायच मार्गदर्शनाचा. धंदा कसा काढावा यावर ते जागोजागी व्याख्यानं देतात. स्वतः त्यांनी तीन धंदे काढले होते आणि तिन्ही बुडाले होते, त्यामुळे अनुभव दांडगा. ते म्हणाले, "आजचा तरुण एकटा आहे. त्याच्याभोवती आपण एक वर्तुळ उभं केलं पाहिजे."

वर्तुळ लगेच उभं राहिलं. त्याचं नाव 'युवा कलाकार व सामाजिक उद्योजक प्रोत्साहन समिती'. अध्यक्ष बाई, कार्यवाह सेक्रेटरी, मार्गदर्शक मार्गदर्शकच. मला हिशेबातलं कळतं म्हणून खजिनदार केलं. खजिना नव्हता, त्यामुळे जबाबदारी बेताची होती. समितीत एखादी तरुण व्यक्ती असावी, निदान भाची तरी, असं मी सुचवून पाहिलं.

"असं कसं?" सेक्रेटरी म्हणाले. "ती लाभार्थी. लाभार्थीच समितीत येऊन बसला, तर लाभ द्यायचा कुणाला?"

हे बिनतोड होतं. शेवटी एकदाची किल्ली मिळाली.

खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती, आणि भाचीच्या दृष्टीने संपलीही होती. तिने बाल्कनीतला सगळा पसारा खाली नेला. जाताना माझी खुर्चीही उचलली. "हात बसवून देते मामा, आधी होता त्याहून पक्का." मागच्या गल्लीतल्या दोन मुली तिने हाताशी घेतल्या. दोघींची शाळा मधेच सुटलेली. एका दुकानात दिवसभर खोकी बांधायचं काम करायच्या. त्यांना शिकवायचं, आणि जे विकलं जाईल त्यात तिघींचा सारखा वाटा, एवढाच तिचा सामाजिक उद्योग. तो सांगायला एक वाक्य पुरायचं, आणि समितीला नेमकी तीच अडचण होती.

आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच शहाणा माणूस सापडला. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर दवाखाना नव्याने सजवत होते. खिडकीत ठेवलेला पंख्याचा दिवा त्यांनी जाता-जाता पाहिला आणि आत येऊन म्हणाले, "माझ्याकडे माणसं वाट बघत बसतात तेव्हा घाबरून अर्धी होतात. त्यांचं लक्ष दुसरीकडे जाईल असा एक बाक करून द्या. पाच जणांचा." महिनाअखेरीला दवाखाना उघडायचा होता. दाजींची मुदतही महिनाअखेरीलाच संपत होती. भाचीने जेवताना हे सांगितलं आणि पानातलं सगळं संपवलं, कित्येक दिवसांनी.

"कसा करणार बाक?" मी विचारलं.

"झाल्यावर दाखवीन. आधी बघितलास तर सल्ला देशील."

एवढ्या लहान वयात माणसांची एवढी पारख बरी नव्हे.

मी नाही दिला सल्ला, पण समिती होती ना. मार्गदर्शक दर दुपारी मार्गदर्शनाला जाऊ लागले. रंगीत कागदांचे चौकोन घेऊन जायचे आणि तिघी मुलींना ते भिंतीवर चिकटवायला लावायचे. एकदा मी दारात उभा राहून ऐकलं.

"तुझा ग्राहक कोण?" त्यांनी भाचीला विचारलं.

"दातांचे डॉक्टर."

"तसं नव्हे. डोळे मिट. आता बघ, ग्राहक दिसतो का?"

"डोळे मिटल्यावर कसा दिसेल काका?"

"बरं, ते राहू दे. सामाजिक परिणाम किती?"

"दोन," भाचीने त्या दोघींकडे बोट दाखवलं.

"दोन म्हणजे परिणाम नव्हे," मार्गदर्शक दुःखाने म्हणाले. "दोन म्हणजे मुली."

बाईंचं वेगळंच. त्यांनी भाचीकडून 'माझे ध्येय' या विषयावर निबंध लिहून घेतला आणि तांबड्या शाईने तपासून परत दिला. शेरा होता, 'विचार बरे, परिच्छेद पाडावेत'. भाची सकाळी समिती उठायच्या आत काम करायची, समितीची दुपारची झोप चालू असताना काम करायची. बाक पुरा होत आला. नुसता मूग गिळून गप्प बसलो असतो तरी सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण गप्प बसायचं तर बसायला खुर्ची हवी, आणि ती खाली होती.

अशात मार्गदर्शकांना एका योजनेचा शोध लागला. तरुण कलाकारांना उद्योगासाठी अनुदान. समितीच्या अंगात वारं शिरलं. अर्ज करायचा म्हणजे कागद आले, आणि कागद आले म्हणजे खजिनदार आला. मी कारखान्यातून रजा काढून त्या योजनेच्या कचेरीत गेलो. खिडकीमागचा कारकून अर्जाकडे न बघता बोलला, म्हणजे तो अनुभवी होता.

"अर्जदार बेरोजगार असल्याचा दाखला?"

"आणतो."

"आणि अर्जदाराचा उद्योग चालू असल्याचा?"

"उद्योग चालू असेल तर ती बेरोजगार कशी?"

"ते तुम्ही आपसात ठरवा. आम्हाला दोन्ही लागतात." त्याने पान उलटलं. "जागेची तपासणी होईल. जागा स्वच्छ, रंगवलेली, अडगळमुक्त हवी. भंगार दिसलं की अर्ज बाद."

"पण साहेब, ती भंगाराच्याच वस्तू करते."

"करू दे की," कारकून उदारपणे म्हणाला. "कोण नाही म्हणतंय? फक्त दिसता कामा नये."

हा निरोप मी समितीला जसाच्या तसा सांगितला. त्यावर मार्गदर्शक म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. सर्जनाला आधी मोकळी जागा लागते."

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बहिणीला ताप आला, आणि भाचीला चार दिवस आईकडे जावं लागलं. बाकाला शेवटचा हात द्यायचा तेवढा राहिला होता. जाताना तिने त्या दोघी मुलींना सुट्टी दिली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "मामा, जपून ठेव." मी ती अत्यंत जपून ठेवली, सेक्रेटरींनी मागेपर्यंत.

"तिला चकित करू," सेक्रेटरी म्हणाले.

त्या सकाळी आमच्या इमारतीत जी एकी दिसली, ती पाणी गेल्यावरसुद्धा दिसत नाही. एरवी जिन्यात ओळख न दाखवणारी माणसं खांद्याला खांदा लावून पाळणे उचलत होती. बाई दारात उभ्या राहून कशाला हात लावायचा आणि कशाला नाही ते सांगत होत्या. म्हणजे सगळ्याला लावा, असं सांगत होत्या. भंगारवाला काटा घेऊन आला होता. खजिनदार या नात्याने मी काट्यावरच्या आकड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो, आणि बाकीच्या सगळ्या गोष्टी माझ्या पाठीमागे घडत होत्या.

मधेच मोठा घोळका कसलं तरी लांबलचक धूड बाहेर आणताना दिसला. पाच मोडक्या खुर्च्या, एक या जातीची तर दुसरी त्या जातीची, एका जुन्या दाराच्या फळीवर ओळीने ठोकलेल्या. आपसांत भांडण झालेली पाच माणसं एकाच गाडीत बसलेली असावीत, तसं ते दिसत होतं.

"हेही न्यायचं?" भंगारवाल्याने विचारलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. "बाई, हा बाक तर नसेल ना?"

"बाक?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पाटी कोरी वाटली. "शाळेत जन्म गेला माझा. बाक मी ओळखते."

मी पावतीवर सही केली.

आलेल्या पैशांतून खोलीला फिकट पिवळा रंग लागला, एक टेबल आलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, लिहायला पांढरा फळा आला. दारावर समितीच्या नावांची पाटी लागली. पाटी करणाऱ्याने अक्षरं मोठी घेतल्याने खाली 'लाभार्थी' एवढं लिहून पुढे नाव लिहायला जागा उरली नाही.

भाची परत आली तेव्हा दारात लाल फीत बांधलेली होती आणि सगळी इमारत टाळ्या वाजवायला उभी होती. तिच्या हातात कात्री दिली. तिने फीत कापली, आत गेली, चारी भिंती पाहिल्या.

"छान आहे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "इथलं सामान?"

"सामान कसलं, अडगळ होती," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "एका दमात काढली."

भाची प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. "मामा," ती अगदी हळू म्हणाली, "त्यात डॉक्टरांचा बाक होता."

टाळ्यांसाठी उचललेले हात लोकांनी कुठे ठेवायचे ते कुणाला कळेना. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मार्गदर्शक घसा साफ करून म्हणाले, "अपयश ही यशाची पहिली पायरी असते, बाळ."

"काका, पायऱ्यांची एक शिडीही होती इथे," भाची म्हणाली. "तीही गेली."

घरी आल्यावर बायको माझ्याशी एकच वाक्य बोलली. "त्या विमा कचेरीत आणखी एक टेबल असेल, तर तुमच्यासाठी विचारा." महिना संपायला आठवडा राहिला होता. दाजींचा फोन आला होता, शेवटच्या दिवशी ते मुलीला न्यायला येत होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाची भंगारवाल्याच्या वखारीत गेलो. तो दारातच ऐसपैस बसला होता, आणि ज्या खुर्चीत बसला होता ती माझी होती. निखळलेला हात पक्का बसवलेला होता. वेत नव्याने विणलेला होता. बहिणीकडे जाण्याआधी भाचीने माझं काम पुरं करून ठेवलं होतं, आणि मी ते काट्यावर चढवलं होतं.

"बसा ना," भंगारवाला मला म्हणाला आणि त्याने एका पालथ्या डब्याकडे हात केला.

भाचीने बाकाचं विचारलं.

"ते होय? त्याने माझी दोन माणसं घरी बसवली. मोडायला घेतलं, तर दोघांची कंबर धरली. एक खुर्ची कशीबशी निघाली, तिचे तुकडे झाले, गेले कालच्या गाडीतून. बाकीच्या चार हलेनात. कुणी जोडलंय ते?"

"मी."

"मग माझं नुकसान तुमच्यामुळे झालं म्हणायचं. मोडत नाही ते भंगार कसलं?"

बाक परत हवा असल्याचं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख कमी झालं. भंगार म्हणून घेतलेला माल तो आता बाक म्हणून विकणार होता, त्यामुळे भाव साहजिकच बाकाचा होता. भाची घासाघीस करत बसली नाही. ती वखारीच्या मागच्या छपरात फिरून आली, उजेड कुठून येतो ते पाहिलं आणि म्हणाली, "मागची जागा मला द्या. तुमच्याकडे येईल त्यातलं मोडायच्या आधी मी निवडणार. विकलं जाईल त्यात तुमचा वाटा. बाकाचे पैसे डॉक्टरांनी दिले की देते."

"आणि नाही दिले तर?"

"तर बाक इथेच आहे. मोडून दाखवा."

भंगारवाला हसला. समितीला जे सभा घेऊन, चहा पाजून, पाटी लावूनही जमलं नव्हतं ते त्याने बसल्या जागी केलं, आणि ते करताना त्याच्या मनात तरुण पिढीविषयी कसलीही आस्था नव्हती.

आता प्रश्न राहिला पाचव्या खुर्चीचा. भाचीने वखार पालथी घातली. एक सापडली ती लहान मुलांची, दुसरी लोखंडाची. मग तिची नजर भंगारवाल्याकडे गेली. म्हणजे त्याच्या खालच्या वस्तूकडे.

"मामा," ती म्हणाली.

त्या 'मामा'चा अर्थ मला कळला. "चार जणांचा बाक दिला तर नाही चालणार?"

"डॉक्टरांनी पाच सांगितलेत. एक पेशंट उभा राहील."

"मी केव्हाचा उभाच आहे."

तिने हट्ट केला असता, तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती नुसती त्या चार खुर्च्यांच्या शेवटी उरलेल्या रिकाम्या फळीवरून हात फिरवत राहिली. मला ती विमा कचेरी दिसली, ते टेबल दिसलं, ती खिडकी दिसली. हवा सुरेख येत होती.

"घे," मी म्हणालो.

पण घेणार कशी? खुर्ची भंगारवाल्याची होती. पावतीवर माझी सही होती. तो नव्याने विणलेल्या वेतावरून बोटं फिरवत म्हणाला, "बसायला फार आराम आहे हो हिच्यात," आणि त्या आरामाचे वेगळे पैसे लावले. अशा रीतीने स्वतःची खुर्ची दान करण्यासाठी मी ती आधी विकत घेतली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तपासणीचे साहेब आले, आणि त्याच वेळी बॅग घेऊन दाजीही आले. साहेबांबरोबर आलेला माणूस समजून सेक्रेटरींनी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. दाजींना वाटलं, सासुरवाडीची माणसं सुधारली.

साहेबांनी भिंती पाहिल्या, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून धूळ पाहिली. समाधान झालं. "उद्योग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ही समिती," सेक्रेटरी म्हणाले.

"वस्तू कुठे आहेत?"

"अडगळमुक्तीत गेल्या," मी म्हणालो.

"आणि लाभार्थी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'जागा उत्तम. उद्योग आढळला नाही.' जाता-जाता म्हणाले, "बैठकांना मात्र छान आहे हो."

दाजींनी कप खाली ठेवला. "माझी मुलगी कुठे आहे?"

मी त्यांना कोपऱ्यावर घेऊन गेलो. वाटेत मी झालेलं सोडून हवापाण्यावर बोलत राहिलो. सांगायचं म्हटलं तर पावतीपासून सुरुवात करावी लागली असती. डॉक्टर आत पेशंट तपासत होते, म्हणून दाजी बाहेरच्या बाकावर टेकले. पाच वेगवेगळ्या खुर्च्यांचा बाक, एका रंगाने सांधलेला. शेवटी माझी, म्हणजे आता तिची. दाजींनी पाठ टेकली, हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बोटांना त्याच्या खालच्या बाजूला काहीतरी कोरलेलं लागलं म्हणून वाकून वाचलं. 'खुटखुट.'

तेवढ्यात आतून डॉक्टर आणि भाची बाहेर आले. डॉक्टरांनी नोटा मोजून तिच्या हातात ठेवल्या. दाजी उठले.

"डॉक्टर, तुम्ही आमच्या नात्यातले नाही ना?"

"नाही."

"या मामांनी मागून पैसे दिले नाहीत ना तुम्हाला?"

"मला?" डॉक्टर म्हणाले. "मला दात काढल्याशिवाय कुणी पैसे देत नाही."

दाजी पुन्हा बाकावर बसले. मुलगी समोर उभी होती, हात पाठीमागे बांधून, हाताला रंग लागलेला. "पाठीला जरा कडक आहे," दाजी शेवटी म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी मित्राला फोन केला. खिडकीजवळचं टेबल दुसऱ्या कुणाला द्यायला हरकत नाही, एवढंच बोलले. बॅग रिकामीच परत गेली.

आता वखारीच्या मागे चार मुली काम करतात. भाचीने तिथेच जवळ खोली घेतली. समिती अजून आहे. पिवळ्या खोलीत दर रविवारी भरते आणि नवा लाभार्थी शोधते. कालपरवा एक होतकरू तरुण त्या बाजूने जाताना दिसला, पण तो वेळीच पळाला. मार्गदर्शक 'भंगारातून भवितव्य' या विषयावर बोलत हिंडतात, भाचीचं उदाहरण देतात, आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात. त्यांचा चौथा धंदा चालला म्हणायचा. बायको म्हणते, "मिळाली ना बाल्कनी?" मिळाली. झाडून-पुसून लख्ख आहे. मी संध्याकाळी तिथे उभा असतो.

मागच्या आठवड्यात मात्र राहवेना. मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दात दुखत होता असं नव्हे. पाचव्या जागेवर बसलो, खुर्चीच्या हातावर हात ठेवला, पाय पसरले. समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता. लोक नेहमीच्याच चुका करत होते. दोनदा माझा नंबर आला, दोन्ही वेळा मी मागच्याला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." असा धीराचा पेशंट आजवर पाहिला नव्हता, असं तिथली नर्स म्हणाली. शेवटी दवाखान्यात मी एकटाच उरलो आणि डॉक्टर स्वतः दारात आले. आता इथवर आलोय तर तोंड उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी आत पाहिलं, आणि त्यांना जे हवं होतं ते त्यांना सापडलं.

तेव्हा एकंदर हिशेब असा. एका मुलीला किल्ली हवी होती, त्यासाठी सेक्रेटरींनी एक खोली रंगवली. बाईंनी स्वतःचा जुना पंखा वजनावर दिला होता, तो दिवा झाल्यावर वखारीतून विकत आणला आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला "मी कलेला आश्रय देते" म्हणून दाखवतात. भंगारवाल्याने दोन्हीकडून पैसे घेतले आणि कुणालाच प्रोत्साहन दिलं नाही, म्हणून त्याची वखार जोरात आहे. दाजींचं एक टेबल गेलं. आणि मी त्या खुर्चीचे पैसे तीनदा भरले: एकदा दुकानात, एकदा वखारीत, आणि तिसऱ्यांदा खालच्या जबड्यातून.